मागून तिसरा बाक

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवे पाळक आले की पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी नवीन सुरू होतं. एकांनी बुधवारची उपवास-प्रार्थना आणली. एकांनी बाकांची रचना बदलून पाहिली, ती महिला मंडळाने पुढच्याच रविवारी होती तशी करून ठेवली. या वेळच्या पाळकांनी फॉर्म आणला.

उपासना संपली, आशीर्वाद झाला आणि लोक चहाकडे वळायच्या आत तरुण संघाची दोन मुलं गठ्ठे घेऊन दारात उभी. चार पानी झेरॉक्स, वर ठळक अक्षरांत 'माझी कृपादाने ओळखताना'. खाली पन्नास वाक्यं आणि प्रत्येकापुढे स्वतःला शून्य ते तीन गुण द्यायचे. 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडते.' 'ठरवलेले काम मी वेळेत पूर्ण करतो/करते.' शेवटी रकान्यांची बेरीज मारायची, आणि ज्या रकान्यात जास्त गुण ते आपलं कृपादान. त्यावरून मंडळीतलं काम मिळणार.

आमच्या ह्यांना 'आदरातिथ्य' आलं. घरी पाहुणे आले की हा माणूस आतल्या खोलीत जाऊन पंखा दुरुस्त करत बसतो. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. "दोन ठिकाणी जरा वाढवून लिहिलं," म्हणाले.

मला 'व्यवस्थापन', आणि दोनच गुणांनी मागे 'शिक्षण'. यात देवाने विशेष काही कळवलं असं वाटलं नाही. हडपसरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं अकाउंट्स बघते. दिवसभर कुणाचं व्हाउचर कुठे अडकलं ते शोधणाऱ्या बाईला व्यवस्थापन नाही तर काय येणार? फॉर्मच्या खाली बायबलमधले दोन संदर्भ दिले होते, रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचाही बारावाच. घरी येऊन दोन्ही उघडले. ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या कृपादानांच्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत दया करणारा आणि दान देणारा आहे, दुसरीत निरोगी करणारे आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे. खुद्द पौलाची बेरीज दोन ठिकाणी दोन आली असेल, तर झेरॉक्सवर किती भरवसा ठेवायचा, असं मनात आलं. पण मंडळीत 'नाही' म्हणायला जे बळ लागतं ते माझ्यात तेव्हा नव्हतं.

पहिल्यांदा संडे स्कूल. आईच्या वेळी तिला शब्बाथ शाळा म्हणत, अजूनही जुनी माणसं तसंच म्हणतात. माझ्या वाट्याला पाच ते नऊ वर्षांची अकरा मुलं आली. पहिला पाठ नोहाचा. मी आदल्या रात्री पुठ्ठ्याचं जहाज कापून नेलं होतं. मुलं सगळी इंग्रजी माध्यमाची. शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'तारू' असा शब्द आहे, तो म्हणून झाल्यावर अकरा कोरे चेहरे. म्हटलं, तारू म्हणजे बोट. त्याबरोबर पहिल्या रांगेतल्या मुलाने आपलं बोट वर केलं आणि विचारलं, "हे?" मग सगळ्यांनीच केली. अकरा बोटं वर, आणि पाऊस अजून सुरूही व्हायचा होता.

कशीबशी पाणी ओसरण्यापर्यंत आले. नोहाने आधी कावळा सोडला, मग कबुतर सोडलं, कबुतर परत आलं, दुसऱ्यांदा जैतुनाचं पान घेऊन आलं. मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "आणि कावळा?" शास्त्रात आहे तेवढं सांगितलं, की पाणी सुकेपर्यंत तो इकडेतिकडे उडत राहिला. "हो, पण मग आला का परत?" म्हटलं, ते पुढच्या रविवारी बघू. खरं म्हणजे बघण्यासारखं पुढे काही नाही, कावळ्याचा विषय तिथेच संपतो. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली ती नजर मी ओळखते. ऑफिसात ऑडिटरसमोर मी कुणाला तरी 'उद्या देतो' म्हणताना पाहते तेव्हा माझी तशी असते.

आठ महिने शिकवलं. मुलं गोड होती, मीच तासभर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. चित्रं रंगवताना बाकीच्या शिक्षिका मुलांबरोबर जमिनीवर बसायच्या, मी त्या वेळात हजेरीपट भरून टाकायचे. एका रविवारी लक्षात आलं की या तासातला मला आवडणारा भाग तेवढाच आहे.

गायनमंडळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर होतात आणि इंग्रजी चालीची गीतं ऑर्गनवर. नारायण वामन टिळकांच्या अभंगात मी तग धरायचे, कारण तिथे सगळे एका सुरात. ऑर्गन सुरू झाला की मला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, उभं करत आणि मी दोन ओळींत सोप्रानोत, वरच्या सुरात, पोचलेली असे. गायनमंडळाच्या प्रमुख बाई तिसऱ्या सरावाला म्हणाल्या, "तुझा आवाज ना, मंडळीतला आहे." बाकावर जाऊन बस, हे इतक्या सभ्यपणे पुण्यातच सांगतात.

मग खजिनदार. याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. सगळ्यांच्या मते हे काम माझ्यासाठीच होतं. माझ्याही.

अर्पणाच्या थैल्या लाल मखमलीच्या, लाकडी दांड्यांच्या. उपासना संपली की त्या वेस्ट्रीत, म्हणजे देवालयाच्या कामकाजाच्या खोलीत, यायच्या. मोजायला दोघंजण हवेत असा आमचा नियम, मोजून झालं की रजिस्टरमध्ये रक्कम आणि दोघांच्या सह्या. थैली टेबलावर उलटी केली की एक विशिष्ट वास येतो, नाण्यांचा, घामाचा आणि कुणाच्या तरी पर्समधल्या बडीशेपेचा. एकदा शर्टाचं बटण निघालं. एकदा चुकून पडलेली सोन्याची छोटी रिंग निघाली, तिची मालकीण अर्ध्या तासात धापा टाकत आली. उपकारस्तुतीची पाकिटं वेगळी. त्यांवर नाव आणि कारण लिहिलेलं असतं: मुलीला नोकरी लागली, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, नवीन गाडी. वर्गणी वेगळी, दशांश देणारे वेगळे. हल्ली दारात क्यूआर कोडही लावलाय, त्याचं स्टेटमेंट नावानिशी येतं.

काम मी चोख केलं. दोन वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. नाताळच्या मांडवाचं बिल मागितलं तेव्हा कमिटीतले एकजण म्हणाले, "ताई, चर्चमध्ये विश्वास लागतो, बिलं नाही." मी म्हटलं, विश्वास तुमच्यावर आहेच, बिल मांडववाल्याचं हवंय. ते वर्षभर माझ्याशी 'जय ख्रिस्त'पलीकडे बोलले नाहीत. पण काम सोडलं ते यांच्यामुळे नाही.

सोडलं ते असं. एका रविवारी एक गृहस्थ मध्यस्थीची प्रार्थना करत होते. मोठी, घोळून घोळून केलेली, गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, आपल्या शहरासाठी. डोळे मिटून आमेन म्हणायच्या जागी माझ्या डोळ्यांपुढे आकडा आला. यांचे महिन्याचे किती, आणि केव्हापासून थकलेत. मी दचकून डोळे उघडले. समोर सगळ्यांची डोकी झुकलेली, आणि मला प्रत्येक डोक्यावर एक आकडा दिसायला लागला. तो हजार. ती दोनशे, तेही तीन महिन्यांनी एकदा. कुणाचा पगार किती असेल याचा अंदाज लावून मी मनात टक्केवारी काढत होते, आणि प्रभुभोजन सुरू व्हायचं होतं. शास्त्रात आहे की येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून कोण किती टाकतं ते बघत होता. त्याला ते बघूनही माणसांवर प्रेम करणं जमलं. मला जमेना. मार्चअखेर हिशेब पूर्ण करून, ऑडिट करून घेऊन मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं मांडवाच्या बिलावरून.

त्यानंतर वर्षभर काही केलं नाही. मागून तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी, पंख्याखाली येऊन बसायचे आणि घरी जायचे. आईला ते आवडलं नाही. आमच्या घरात केडगावचा मोठा अभिमान आहे. माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढली. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलं. आणि पणजीने त्याचे छपाईचे खिळे जुळवले, असं मी लहानपणापासून ऐकत आले. 'तुझ्या पणजीने देवाच्या वचनाचे खिळे जुळवले आणि तू बाकावर बसून राहा,' हे आईचं ठेवणीतलं वाक्य. त्या वर्षी ते मी नगरच्या आत्येपुढे बोलून दाखवलं, तर आत्या हसायला लागली. म्हणाली, "कसले खिळे? ती अंगठा उठवायची. आयुष्यभर स्वयंपाकघरात होती. शेकडो माणसांच्या भाकऱ्या. छापखाना सांगायला बरा वाटतो म्हणून तुझ्या आजोबांनी तिला तिकडे बदली करून टाकली." आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. पण मला पणजी तेव्हा पहिल्यांदा जवळची वाटली. फॉर्म भरायला दिला असता तर तिच्या भाकऱ्या कुठल्या रकान्यात गेल्या असत्या?

मागून तिसऱ्या बाकावरून माणसं पाठीकडून दिसतात. कुणाचा आंबाडा, कुणाचा मानेवरचा मस, कुणाच्या कानामागचं श्रवणयंत्र, कुणाचं दर रविवारी किंचित वाढत जाणारं टक्कल. कितीही मोकळी बसायची सोय असली तरी माणूस आपली जागा सोडत नाही. आमच्याकडे आता बायका-पुरुष वेगळे बसायची सक्ती राहिलेली नाही, तरी डावीकडे बायकाच जास्त. वर्षभर तेच ते पाठमोरे बघून माझ्या डोक्यात एक नकाशा तयार झाला होता. मी तो केला नव्हता, झाला होता. ऑफिसात मला व्हाउचर नंबर १४७ नंतर १४९ दिसला की पुढचं काही वाचताच येत नाही. तसंच इथे व्हायला लागलं.

डावीकडच्या खिडकीजवळच्या चौथ्या बाकावर एक उशी होती. क्रोशाचं पांढरं कव्हर, कडेला निळी वेल. ती बाईंची. बाई एका मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्ध्या मंडळीला त्यांनी बाराखडी शिकवलेली, त्यामुळे त्यांना नाव असं उरलेलंच नाही, नुसत्या 'बाई'. लॉकडाऊननंतर देवालय उघडलं तेव्हा मास्क लावून सर्वांत आधी आलेल्यांतल्या त्या एक. तर तीन रविवार उशी होती आणि बाई नव्हत्या. चौथ्या रविवारी एक लहान मुलगा बूट घालून त्या उशीवर उभा राहून खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवशीचा उपदेश कशावर होता, मला विचारू नका.

चहाच्या रांगेत मी चौघींना विचारलं. चौघीही म्हणाल्या, "अगं हो, खरंच, बरेच दिवस दिसल्या नाहीत." प्रत्येकीला वाटत होतं दुसरीला माहीत असेल. पाळकांना विचारलं तर त्यांचा चेहरा पडला. अडीचशे कुटुंबं आणि पाळक एकटे. मी घरी जाऊन ह्यांच्यापुढे कुरकुर केली. पुढच्या रविवारी पुन्हा केली. मग ते म्हणाले, "चार आठवडे त्याच उशीबद्दल ऐकतोय. जाऊन देऊन का येत नाहीस?"

बाई राहतात गुरुवार पेठेत, पंच हौद मिशनच्या देवालयापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीतून त्याचा मनोरा दिसतो, घंटा वाजली की घरात बोलणं थांबवावं लागतं. जुना वाडा, लाकडी जिना, आणि जिन्याला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. बाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघ्याने जिना उतरायचं नाकारलं होतं. उशी बघून म्हणाल्या, "धुतलीस?" मी म्हटलं, हो. "निळ लागलीये," म्हणाल्या.

मी विचारलं, हे पवित्र नाम देवालय इतकं जवळ आहे, तिथे तरी कुणी धरून नेलं तर? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोलले. "ते इंग्लिश चर्चवाले. आपण स्कॉटिश मिशनचे." एकोणतीस नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी झाली, तिच्यात हेही आले आणि आम्हीही आलो. पन्नासहून जास्त वर्षं झाली. गुरुवार पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावर अजून बातमी पोचलेली नाही.

मग त्यांनी चहा केला. मला करू दिला नाही. कपाटातून बिस्किटांचा डबा काढताना खिडकीकडे मान करून म्हणाल्या, "घे, टिळक-रानड्यांना बाधला तो हाच चहा." १८९० साली गोपाळराव जोशांनी पुण्यातली मोठमोठी मंडळी पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला, आणि मग गोपाळरावांनीच नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांकडचा चहा म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. शाळेत हे मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, गोपाळराव बारकाईने हजेरी घेणारा माणूस होता. कोण आलं, कोण प्यायलं, कोण नुसतं बसलं. ज्याच्याकडे यादी असते त्याची लोकांना भीती वाटते, हे मला थोड्याच दिवसांत कळायचं होतं.

कारण बाईंकडून आले आणि मला चेव चढला. जुन्या लेजरची अर्धी कोरी वही होती. तिच्यात मी रविवारी दुपारी बसून रिकाम्या जागा लिहायला लागले. अकरा निघाल्या. एकेकाळी ही माणसं कॅम्पात, रास्ता पेठेत, घोरपडीत राहायची, घंटेच्या आवाजावर चालत यायची. मुलांनी फ्लॅट घेतले उंड्रीला, वडगाव शेरीला, पिंपळे सौदागरला. तिथून रविवारी सकाळी दोन बस बदलून सत्तरीतलं माणूस कसं येणार? मुलगा सोडेल तेव्हा यायचं, आणि मुलाची रविवारी सुट्टी असते म्हणजे तो झोपलेला असतो. ही माणसं कुणावर रागावून गेली नव्हती. एकेक रविवार चुकत चुकत गळाली होती. मला ती मुलगी आठवली, 'आणि कावळा?' विचारणारी.

सोमवारी संध्याकाळी सातला, ऑफिसमधून येऊन चहा झाला की, मी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या चार फोनना लोक खूश झाले. पाचवा एका काकांना लावला. मी आपली नेहमीच्या सुरात, "जय ख्रिस्त काका, तीन रविवार दिसला नाहीत, का बरं?" तिकडे शांतता. मग म्हणाले, "हजेरी घेताय का?" मी गडबडले. ते पुढे म्हणाले, "वर्गणी थकलीये तेही लिहिलं असेल ना तुमच्या वहीत?" आणि फोन ठेवला.

मी खजिनदार होते, हे त्यांच्या लक्षात होतं. कदाचित त्यांना चर्चमध्ये माझी नजरही जाणवली असेल, ती टक्केवारीवाली. मी वही बंद केली ती पंधरा दिवस उघडली नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी शिक्षिकेसारखं पूर्ण ऐकून घेतलं. "चूक काय झाली सांगू? तू विचारलंस 'का नाही आलात'. शाळेत मीही मुलांना तेच विचारायचे, आणि मुलं पोटात दुखत होतं म्हणायची. ज्याला यायला जमत नाही त्याला कारण माहीत असतं, तुला सांगून त्याचा काय फायदा? मला तू विचारू नकोस. मला सांग. काय गायलं काल? कुणी वाचला पाठ? अडखळला का?"

मी सांगितलं. पहिलं गीत कुठलं, कितव्या कडव्यापर्यंत गायलं (पाळक हल्ली मधली कडवी गाळतात, यावर बाई पाच मिनिटं बोलल्या), शास्त्रपाठ कुणी वाचला, 'नबुखद्नेस्सर' म्हणताना त्याचे कसे हाल झाले, फुलं कुणी आणली होती, कुणाच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला आणि तो किती रडला. बाई मधूनच गुणगुणायला लागल्या, तेच गीत, गाळलेल्या कडव्यासकट.

तेव्हापासून सोमवारचे फोन तसेच असतात. मी विचारत नाही, सांगते. त्यासाठी रविवारी लक्ष द्यावं लागतं, त्यामुळे माझी उपासनाही सुधारली, हा एक फायदा. काकांना दोन महिने फोन केला नाही. मग एकदा लावला, म्हटलं, काका, काल गायनमंडळाने तुमच्या आवडीचा अभंग घेतला होता, चाल पार बिघडवली. ते म्हणाले, "बिघडवणारच. तबल्यावर कोण होतं?"

गाड्यांचं मग हळूहळू जमलं. उंड्रीहून एक कुटुंब रिकाम्या मागच्या सीटने येतच होतं, वाटेत दोन आज्या उचलायला त्यांना काही वाटलं नाही. वडगाव शेरीकडून आमच्या ह्यांनीच फेरी घेतली. आदरातिथ्याचे गुण आले होते ना, म्हटलं, गाडीत कर. गाडीत फक्त रस्त्याकडे बघायचं असतं, त्यामुळे त्यांना ते छान जमतं. पुढच्या सीटवरून दोन आज्यांची जी भांडणं होतात ती मात्र त्यांना मिटवता येत नाहीत.

शंभर मेंढरांतलं एक हरवलं, त्याला मेंढपाळ शोधायला गेला, ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. उपदेश नेहमी शोधण्यावर असतो. माझं लक्ष आता दुसरीकडेच जातं. शंभरातलं एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? नव्व्याण्णव आणि शंभर डोळ्यांनी सारखेच दिसतात. म्हणजे तो रोज संध्याकाळी मोजत होता. लूकच्या त्याच अध्यायात पुढे दहा नाण्यांतलं एक हरवलेली बाई आहे, दिवा लावून घर झाडणारी. तीही रोज मोजत असणार. मोजण्याची मला खजिनदार असताना शिसारी आली होती, ती या दोघांमुळे जराशी गेली.

वार्षिक सभेच्या आधी पाळकांनी मला वेस्ट्रीत बोलावलं. अहवालात सगळ्यांच्या सेवेची नोंद करायची होती. "तुमचं कुठल्या समितीखाली दाखवू?" महिला मंडळ म्हणावं तर त्यांची परवानगी घेतलेली नव्हती, भेटी देण्याची समिती कागदावर होती पण तिचे निमंत्रक पिंपळे सौदागरला जाऊन स्वतःच माझ्या वहीत आले होते. शेवटी 'इतर' असं लिहिलं. हिशेबात जे कुठल्याच खात्यात बसत नाही ते सगळं जातं ते खातं. खजिनदार असताना त्या खात्यावर मी सर्वांत जास्त संशय घ्यायचे.

बाई वर्षातून दोनदा देवालयात येतात, नाताळला आणि ईस्टरला. तरुण संघाची दोन मुलं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तो जिना उतरवतात. पहिल्या खेपेला मधल्या पायरीवर खुर्ची कलली तेव्हा बाई म्हणाल्या, "पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून सोडला होता रे. तुम्ही दोघंच आहात, जपून."

यंदा हंगामाच्या सणाला त्यांना यायचं होतं, पण पाय सुजला. आमच्याकडे त्या दिवशी लोक भाज्या, धान्य, कोंबड्या, केक, लोणची घेऊन येतात, वेदीपाशी मांडतात, आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. वीस रुपयांचं कोथिंबिरीचं जुडगं दोनशेला जातं. बाईंनी शनिवारी रात्रीच बजावलं, "फोन चालू ठेव. मला ऐकू आलं पाहिजे."

मी फोन स्पीकरवर टाकून हात उंच करून उभी राहिले. लिलाव करणारे आमचे सेक्रेटरी, आवाज असा की फोनची गरजच नव्हती. कोंबडा गेला, केक गेला. मग भोपळा आला, तांबडा, एका आज्यांनी मुलाच्या उंड्रीच्या सोसायटीत कुंपणावर लावलेला. शंभर झाले, दीडशे झाले. इतक्यात माझ्या डोक्याच्या वरून बाईंचा आवाज आला, "तीनशे!" सगळे वळले. सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. "कोण बोललं?" मी फोन पुढे केला. मागच्या बाजूने तबल्यावर नजर ठेवून असलेले आमचे काका ओरडले, "साडेतीनशे!" फोनमधून लगेच, "कोण आहे तो? आवाज ओळखला मी. तिसरीत नापास झाला होता. पाचशे!"

भोपळा पाचशेला सुटला. पैसे मी भरले, पावती घेतली, बाईंच्या नावाची. दुपारी स्कूटरच्या पायाशी तो आडवा ठेवून, दोन्ही पायांनी दाबून धरत गुरुवार पेठ गाठली. दोर धरून जिना चढताना एक हात भोपळ्याला, एक दोराला. बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. भोपळ्याला दोनदा टिचकी मारून आवाज ऐकला.

"विळी मोरीशेजारी आहे," म्हणाल्या. "अर्धा तू ने. आणि फोडी मोठ्या ठेव, मागच्या वेळेसारखा लगदा नको करूस."